टाइमआउट मागावा कोणी?

नागपूरच्या बेसा भागातल्या फ्लॅट स्कीममधली पोरं बास्केटबॉल मोबाइलवर शिकली, म्हणजे अमेरिकेच्या एनबीए लीगकडून. दम लागला की बॉल हातात धरूनच ओरडतात, ‘टाइमआउट बे!’ (गाडी काढायला आलेले काका तर न मागताही देतात.) एनबीएत हे चालतं. तिथे संघाला 7 टाइमआउट, प्रत्येकी 75 सेकंदांचे. जाहिरातींनाही जागा हवी ना!

मग हीच पोरं स्पर्धेत उतरतात आणि फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम आडवे येतात. पहिल्या अर्ध्यात 2, दुसऱ्या अर्ध्यात 3, वेळ एक मिनिट. खेळाडूने मागायचाच नाही. प्रशिक्षकाने टेबलावरच्या साहेबांकडे मागायचा, आणि मिळणार तो खेळ थांबल्यावर, नाहीतर समोरच्याने बास्केट केल्यावर. तहसील कचेरीत चपला झिजवलेल्यांना हे नियम पाठच असायला हवेत.

अमेरिकेत मागणं सोपं, पण शिल्लक नसताना मागितला तर दंड. 1993 च्या एनसीएए, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या, अंतिम सामन्यात, शेवटच्या काही सेकंदांत, मिशिगनच्या क्रिस वेबरने संपलेला टाइमआउट मागितला. टेक्निकल फाउल बसला, विजेतेपद नॉर्थ कॅरोलिनाकडे गेलं. फिबाच्या टेबलाने मान हलवून नुसतं ‘संपले’ म्हटलं असतं.