पास कोण देणार?

फुटबॉलमधलं आपल्याला काही कळत नाही, असं सांगणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्मायचाय. तरी पेठेतल्या कट्ट्यावर शेवटचा शब्द मामांचा. मामा कुणाचेच सख्खे मामा नाहीत. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वर्षानुवर्षं एकाच जागी बसून पंचांसकट दोन्ही संघांचा उद्धार केल्यामुळं ही पदवी मिळालेली. कपिलतीर्थ मंडईत मेथीच्या पेंडीमागं दोन रुपये कमी करायला हा माणूस पाऊण तास घालवतो. जानेवारीत युरोपातले क्लब खेळाडूंचे कोटींचे सौदे आपल्याला न विचारता करतात, याचं मात्र त्याला मनापासून वाईट वाटतं.

"भर हंगामात बैल घिऊ ने," हा मामांचा सिद्धांत. "पेरणी तोंडावर, आपला बैल बसलेला, हे विकणाऱ्याला ठावं असतंय. मग त्यो दर लावणार न्हाई तर काय?"

दाखला एकच, फर्नांडो टोरेस. 31 जानेवारी 2011, बाजार बंद व्हायचा दिवस. चेल्सीनं लिव्हरपूलला 5 कोटी पौंड मोजले. ब्रिटनमधला तोवरचा विक्रम. आपले साडेतीनशे कोटींच्या वर. आकडा ऐकून कट्टा गप्प झाला. मामा चहात खारी बुडवत एवढंच म्हणाले, "पैशाचं सोड. त्याला पास कोण देणार?"

मग अर्धा तास विवेचन. लिव्हरपूलला जेरार्ड बचावफळीच्या मागं चेंडू टाकायचा आणि हा वाऱ्यासारखा सुटायचा. चेल्सीत मधोमध द्रोग्बा उभा, पाठीवर दोन-दोन गडी झेलत. समोरचा संघ आपल्या गोलापुढं गर्दी करून बसलेला. "ह्यानं पळायचं कुठं? रंकाळ्यावर?" मला हे तंतोतंत पटलं होतं, पण बोललो नाही. मामांशी सहमत झालं की ते लगेच बाजू बदलतात.

टोरेसचा चेल्सीकडून पहिला सामना नेमका लिव्हरपूलशीच झाला आणि चेल्सी 1-0 हरली. त्या दिवशी मामांनी सगळ्यांना स्वखर्चानं चहा पाजला. पेठेच्या इतिहासात हाही विक्रमच. पहिला गोल यायला 903 मिनिटं लागली. एप्रिलमध्ये, वेस्ट हॅमविरुद्ध, पावसानं डबकं झालेल्या मैदानावर चेंडू पाण्यात अडला आणि टोरेसनं तो मारला. मामा हळहळले, "आधीच चार दिवस गांधी मैदानात पाठवायचा की!"

लिव्हरपूलनं त्याच दिवशी 3.5 कोटी पौंड देऊन अँडी कॅरोल आणला, त्याचं वर्णन "बैल विकून रेडा" एवढ्यात आटोपतं. बरोबर आलेला सुआरेझ हॉलंडमध्ये एकाला चावून आला होता. "चावरा हाय, पर कामाचा," हे मामांचं त्याच्याबद्दलचं मत काळानं खरं ठरवलं. दोन्ही बाबतीत.

पुढं 2012 च्या एप्रिलात रात्री दोनला कॅम्प नोऊवर अख्खी बार्सिलोना पुढं चढलेली, मागं मोकळं रान, आणि टोरेस एकटा सुटला. गोलकीपरला वळसा, गोल, 2-2, चेल्सी फायनलला! गल्लीतल्या कुत्र्यांच्या आधी मामा ओरडले. सकाळी पोरांनी घेरलं, "मामा, पैसे फिटले की!"

"मग? मीच म्हणत हुतो न्हवं, रान मोकळं पायजे?"

चेल्सीकडून 172 सामन्यांत 45 गोल. एक गोल आठ कोटींना पडला, हा हिशेब ते आजही तोंडपाठ सांगतात.

यंदा तालमीच्या फुटबॉल संघाची पोरं वर्गणीला आली. हंगाम निम्मा झालेला, बाहेरून स्ट्रायकर आणायचाय. मामांनी पाचशेची नोट काढली आणि विचारलं, "पास कोण देणार?"

"तुमचा नातूच की, मामा! हाफला खेळतोय."

मामांनी नोटेची घडी घालून ती परत खिशात ठेवली.

"त्यो? त्यो मला घरात रिमोट देत न्हाई."