चार नंबर आला का?

आमच्या सोसायटीतले नाना सकाळी खाली उतरले की मी त्यांच्याकडे बघायचं टाळतो. नजरानजर झाली की ते सांगतात.

"आज काही साफ झालं नाही हो."

हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकतोय. त्यातलं 'झालं नाही' मला कळतं, अडतं ते 'साफ'पाशी. साफ म्हणजे किती साफ? पोट म्हणजे काय दिवाळीआधीचा माळा आहे, की सगळं खाली उतरवलं, झटकलं, फडकं मारलं आणि संपलं? आतड्यात नेहमी काहीतरी असतंच. ते खरोखर रिकामं होतं कोलोनोस्कोपीच्या दिवशी, आणि त्यासाठी आदल्या दिवसापासून जुलाबाचं औषध लिटरच्या हिशेबात प्यावं लागतं. नाना त्या अवस्थेची रोज सकाळी वाट बघतात, एका कप चहावर.

एका कपावर म्हणणं अन्यायाचं होईल. आधी तांब्याच्या भांड्यातलं पाणी असतं, मग कोमट पाणी, मग चहा, मग हॉलमध्ये फेऱ्या. रात्री इसबगोल झालेला असतो. मधूनच त्रिफळा, महिन्याकाठी एरंडेल. "प्रेशर आल्यासारखं वाटतं, पण येत नाही," असं ते जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या शेतकऱ्यासारखं आभाळाकडे बघत म्हणतात.

शेवटी डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या दरम्यानचं काहीही नॉर्मल. नाना भडकले. "हे काय माप झालं? हे तर आपल्या नळाच्या पाण्याचं वेळापत्रक!" पाचशे रुपये मोजून नॉर्मल निघणं हा त्यांना अपमान वाटला. पैसे मोजायचे ते काहीतरी निघावं म्हणून.

मग नातवाने मोबाईलवर ब्रिस्टलचा तक्ता काढून दिला आणि सोसायटीचे दिवस फिरले. १९९७ सालचा हा तक्ता खरोखरच आहे, डॉक्टर लोक तो वापरतात. शौचाचे सात प्रकार, चित्रांसकट. एक नंबर म्हणजे लेंड्या, सात नंबर म्हणजे नुसतं पाणी, तीन आणि चार उत्तम. नानांनी तो रंगीत छापून, प्लास्टिकमध्ये घालून संडासाच्या दाराला आतून लावला. वर्णनात 'सॉसेज' होतं. नाना कट्टर शाकाहारी, त्यांनी तिथे पेनने 'केळं' केलं. आता खाली कट्ट्यावर "कसं काय?" असं कुणी विचारत नाही. "आज किती?" "तीन." "वा! काल?" "काल पाच, लग्नात जेवलो होतो." तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तर स्वतःला साडेतीन देतात. साडेतीन असा नंबरच नाही, पण हेडमास्तरांना कोण सांगणार? दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सलग नऊ दिवस चार सांगितल्यावर ते खोटं बोलतात अशी कुजबुज सुरू झाली. पुरावा मागण्याची सूचना पुढे आली तेव्हा मी उठून घरी आलो.

नाना आत पाऊण तास असतात. पेपर घेऊन. हे सदरही ते तिथेच वाचतात, असा माझा संशय आहे.

आणि त्या पाऊण तासात दाराबाहेर त्यांची सून उभी असते. घरात संडास एक. सासऱ्यांच्या दारावर टकटक कशी करणार? डबे भरून झालेले असतात, ७.५२ ची लोकल गाठायची असते. ती तशीच निघते. ऑफिसातल्या बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली साहेबाच्या ड्रॉवरमध्ये. चार पुरुषांसमोर जाऊन ती मागायची, म्हणजे अख्ख्या खात्याला कळवून जायचं. म्हणून ती पाणीच पीत नाही. हे मला आमच्या हिने सांगितलं. नानांच्या घरात कुणाला माहीत नाही, कुणी विचारलेलंच नाही. वर्षात दोनदा युरीन इन्फेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. प्या! प्यायलेलं सोडायचं कुठे, ते कागदावर लिहून देत जा की. नाही तर साहेबाच्या नावाने एक चिठ्ठी द्या, किल्ली दिवसातून चार वेळा, जेवणाआधी, जेवणानंतर. नानांच्या आतड्याला चित्रांसकट सात नंबर आहेत. दहा तास दाबून धरणाऱ्या बाईसाठी एकही नाही. तिचं ते नॉर्मल. बायकांना सवय असते म्हणे.

परवा मंगळवारी नाना उजळ चेहऱ्याने खाली आले. लांबूनच चार बोटं वर. कट्ट्यावर टाळ्या पडल्या. मागोमाग सून पळत आली, रिक्षाला हात केला. पर्सच्या कप्प्यात पाण्याची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. संध्याकाळी ती तशीच परत येते.

नानांनी मागून हाक मारली, "अगं, पाणी पीत जा हो भरपूर! पोट साफ राहतं."