उणे सत्तावीसच्या पलीकडे

घरचं इंटरनेट रडायला लागलं की आपल्याकडे औषध एकच: राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. कस्टमर केअरची ताई हे इतक्या मायेनं सांगते की माणूस मुकाट्यानं ऐकतो. पेटीवर लाल दिवा लुकलुकत असला, म्हणजे प्रकाशच पोचत नसला, तरी औषध तेच. उंदरानं कुरतडलेली वायरही बहुधा तीस सेकंदांत सांधत असावी.

काचेच्या तंतूची खरं तर काही चूक नाही. काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरमागे २० डेसिबलपेक्षा कमी घटीत संदेश धाडता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवलं. आता ही घट ०.२ च्या आसपास आली आहे. १५ किलोमीटर धावूनही निम्मा प्रकाश शाबूत राहतो. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं, पण आमच्या गच्चीपासून हॉलपर्यंतचा टप्पा त्यात धरलेला नव्हता. तिथे केबलवाल्याचं राज्य.

तंतू गच्चीवर येतो, टाकीच्या पाइपला दोन वेढे घेतो, आंब्याच्या फांदीवर टेकतो आणि स्लायडिंग खिडकीत चेंगरत घरात शिरतो. उरलेली वायर कापायची कशाला, म्हणून तिचं मुठीएवढं भेंडोळं करून काळ्या टेपनं आवळतात. इतक्या घट्ट वळणावर प्रकाश काचेबाहेर निसटतो, पण टीव्हीमागे ते दिसतं कुणाला! त्यात हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं, निळ्याचं तसं नसतं. एकात दुसरा खोचला की आत फट राहते. ‘बसतंय की काका!’ बसतं, हे खरं.

बिलावर स्पीड छापतात. खरा आकडा वेगळाच असतो: पेटीपर्यंत पोचणारा प्रकाश, डीबीएममध्ये. उणे २० च्या आसपास असला तर घरात शांतता नांदते. उणे २७ नंतर बऱ्याच पेट्या मान टाकतात. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे १९ चा उणे २८ झाला की आठवा हिस्सा उरला. शेजारच्या विंगेत नवं गिऱ्हाईक मिळालं की आपल्याच तंतूवर आणखी एक स्प्लिटर चढतो आणि आपला वाटा निम्म्याखाली जातो. बिलाचं स्प्लिटिंग अजून कुणी केलेलं नाही.

तक्रार केली की पोरगा येतो, कनेक्टर उपसतो आणि शर्टाच्या टोकानं पुसतो. प्रकाश ज्या गाभ्यातून येतो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा. वडापावच्या चटणीचा एक कण त्याला भारी. त्यासाठी अल्कोहोलनं भिजवलेली खास पुसणी मिळते. पण ती आणायची कुणी?

सरकारनं आपली बाजू आधीच भक्कम करून ठेवली आहे. २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळाले की कनेक्शन ब्रॉडबँड ठरतं. दोनशेच्या प्लॅनवर तीन मिळाले, तर वरचा एक बोनस समजायचा.

तरी पोरगा पुन्हा आलाच तर राउटरची जागा बदलण्याआधी त्याला तेवढं प्रकाश मोजायचं मीटर लावायला सांगा. मीटर शेठच्या गाडीत आहे, असं कळेल. शेठ गावाला गेलेत, गाडी घेऊन.