सही न करणारे काका

काकांना पोस्टमन लांबूनच दिसतो. ते आधी पाकिटाचा रंग बघतात आणि मग घरात नसतात. ‘सही केली नाही म्हणजे मिळाली नाही,’ हा त्यांचा कायदा. 1897 चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट वेगळंच सांगतो: पत्ता बरोबर, तिकीट पुरेसं, रजिस्टर पोस्ट, मग पाकीट पोचलं असंच धरून चालतात. पण तो अ‍ॅक्ट काकांपर्यंत आलेला नाही. बहुधा रजिस्टरनेच पाठवला असावा.

यंदा सहा महिने काका मुलाकडे, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. स्वयंपाकघराचं काम निघालेलं. टाइल्सची खोकी गॅरेजमध्ये, आणि त्यांवर काकांचा दुपारचा चहा. एका मंगळवारी टपालवाली बाई दारात आली. हातातल्या पाकिटाला हिरवं कार्ड चिकटवलेलं. देश बदलला तरी एडी लपते थोडीच! पडद्याआडून काका ओरडले, “नोबडी होम!” बाई दाराला चिठ्ठी लावून गेली. ती दासबोधात खूण म्हणून कामी आली.

पाकिटात भांडण नव्हतंच मुळी. माल उतरल्यापासून 20 दिवसांत टाइल्सवाल्याने पाठवायची ती रिवाजाची नोटीस: माझा माल तुमच्या घराला लागतोय, कंत्राटदाराने माझे पैसे थकवले तर घरावर बोजा चढू शकतो. बोजा! जन्मभर सातबाऱ्याचे ‘इतर हक्क’ भिंग लावून वाचलेला माणूस. एवढा एक शब्द दिसता तर चहा टाकून उठला असता. आणि तिकडे अशी नोटीस टपालात टाकली तेव्हाच दिली गेली असं मानतात. काकांच्या सहीवाचून कोणाचंच अडलेलं नव्हतं.

मुलाने बिचाऱ्याने कंत्राटदाराला शेवटचा चेक फाडून दिला. टाइल्सवाल्याची पैसे पावल्याची सही आधी मागायची असते, हे त्याला सांगणार कोण? पाकीट तर परत गेलेलं. चेकमधला एक डॉलरही टाइल्सवाल्याकडे सरकला नाही.

काही आठवड्यांनी पिझ्झाच्या कुपनांबरोबर एक पातळसं पाकीट पेटीत पडलं. कार्ड नाही, सही नाही. तेवढं मात्र काकांनी स्वतः आत आणलं, मुलाच्या ताटाशेजारी ठेवलं.

“साधंच टपाल आहे रे. जेवून घे आधी.”