सायबाच्या कानाजवळचा माणूस

राळेगावात माझ्याबद्दल एक समज पक्का आहे. नागपूरच्या हायकोर्टात निकाल मीच द्यायचो आणि साहेब नुसती सही करायचे. मी न्यायमूर्तींचा खासगी सचिव होतो. म्हणजे डिक्टेशन घ्यायचं, मसुदे तपासायचे, फाइली लावायच्या आणि चेंबरच्या दारात उभं राहून 'साहेब कामात आहेत' असं अत्यंत दुःखी चेहऱ्यानं सांगायचं. पण मंत्रालयातला सचिव कलेक्टरला हलवतो, तर हा जज्जाला हलवत असणारच, असा गावाचा साधा हिशेब. तो चुकीचा आहे हे सांगायला गेलं की लोक एकमेकांकडे बघून हसत. पोचलेला माणूस कधी कबूल करतो का?

सुट्टीत हैदराबाद रस्त्यानं वडकीला उतरून राळेगावची गाडी धरली की स्टँडवर एक काका हमखास भेटत.

"काहो भाऊ, माह्या धुऱ्याचं काय केलं तुमी?"

काकांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा धुऱ्यावरून वाद. धुऱ्यावर एक बाभूळ. ती कोणाच्या वावरात येते, एवढाच प्रश्न. दावा राळेगावच्याच दिवाणी न्यायालयात, साक्षीपुराव्यावर. मी काकांना समजावून सांगे की काका, आधी इथला निकाल, मग जिल्हा न्यायालयात अपील, आणि तिथंही हरलात तर आमच्याकडे दुसरं अपील. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 100 म्हणतं की त्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. बाभूळ कुठं उभी आहे हा वस्तुस्थितीचा प्रश्न झाला.

काका सगळं शांतपणे ऐकत आणि शेवटी म्हणत, "ते ठीक हाय. पन तुमी सायबाले कानात सांगजा ना, बाभूय माही हाय म्हून."

खरं म्हणजे अधिकार बघायचा तर तो राळेगावच्या कोर्टातच बघावा. नागपूरच्या हायकोर्टाची 1940 साली उघडलेली ती दगडी इमारत, तो घुमट, साहेबांच्या पुढं चालणारा चोपदार, सगळं बघून माणूस दिपतो, पण घाबरत नाही. समन्स घेऊन बेलिफ दारात उभा राहिला की पोटात जो गोळा येतो, तो कुठल्याही घुमटाखाली येत नाही. तरीपण बेलिफाला कोणी म्हणत नाही की माझा निकाल लावून द्या. तो मान माझा.

आता, साहेबांना मी काय सल्ला द्यायचो ते सांगून टाकतो. एकदा एका मोठ्या प्रकरणाचं डिक्टेशन संपलं. साहेबांनी चष्मा काढला, खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "काय वाटतं?" ज्या प्रश्नासाठी राळेगाव माझ्याकडे डोळे लावून बसलं होतं, तो प्रश्न अखेर आला होता. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "साहेब, अठरा नंबरचा परिच्छेद दोनदा झाला आहे." साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्या अठराचा एकोणीस झाला. माझ्या सल्ल्यानं न्यायदानात झालेला ठळक बदल म्हणायचा तर तो हा.

बाकी सल्ले न बोलता द्यायचे असतात. युक्तिवाद संपला आणि निकाल राखून ठेवला, की त्याची नोंद माझ्या वहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली अनिल राय प्रकरणात सांगून ठेवलंय की तीन महिने होऊन गेले तर पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो, आणि सहा महिने झाले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे द्या म्हणू शकतो. पण न्यायमूर्तींना 'मुदत भरत आली' हे सांगायचं कसं? बँकेच्या वसुली अधिकाऱ्यासारखं सांगता येत नाही. त्यासाठी माझी एक पद्धत होती. पहिल्या आठवड्यात ती फाइल गठ्ठ्यात वरून तिसरी. दुसऱ्या आठवड्यात सर्वांत वर. तरीही हात लागला नाही, तर साहेबांचा चष्माच त्या फाइलीवर. आमच्या साहेबांनी मुदत कधी उलटू दिली नाही. पण चष्मा सारखा तिथंच कसा सापडतो, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत होतं, किंवा तसं ते दाखवत होते.

दुसरी यादी याहून नाजूक. वकिलीतून न्यायमूर्ती झालेल्या माणसाची जुनी वकीलपत्रं त्याच्या मागोमाग येत राहतात. ज्या प्रकरणात आपण कधीकाळी उभे राहिलो, ते 'माझ्यासमोर नको'. अशी प्रकरणं बोर्डावर येण्याआधी हुडकणं हे माझं काम. यादीत गावंही असत आणि नातेवाईकही. साहेबांचे साडू, मेहुणे आणि त्यांच्या कंपन्या मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त पाठ होत्या. लग्न जमवणाऱ्या बाईला जमणार नाही इतकी ही सोयरीक मी तोंडपाठ केली, तीसुद्धा जुळवायला नाही, टाळायला.

अलीकडे कोर्टात तरुण विधी पदवीधर येतात, लॉ क्लार्क म्हणून. निवाडे शोधतात, टिपणं काढतात. ही रीत अमेरिकेची. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात 1882 साली न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी असा मदतनीस पहिल्यांदा ठेवला आणि पगार स्वतःच्या खिशातून दिला. आमची ही पोरं हुशार. कुठल्या निवाड्याला कुठला निवाडा छेद देतो हे त्यांना ठाऊक. साहेबांचा गळ्याचा बँड कुठल्या खणात आहे हे मला ठाऊक. कोर्ट साडेदहाला बसतं. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी यांतलं कुठलं ज्ञान उपयोगी पडतं, ते वाचकांनी ठरवावं.

आमच्याकडं इतिहासातला दाखला नेहमी रामशास्त्र्यांचा. राघोबादादांना त्यांनी तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. शास्त्रीबोवांच्या बाणेदारपणाला माझा नमस्कार आहेच. पण त्यांच्या कारकुनाचा मला फार हेवा वाटतो. दोन शब्दांत निकाल! ना परिच्छेद, ना दाखले, ना 'अठरा नंबर दोनदा'.

आणि भेटवस्तू. सर्वोच्च न्यायालयानं 1997 साली न्यायाधीशांच्या आचरणाची मूल्यं लिहून काढली. त्यात घरचे आणि मित्र सोडून कोणाकडून भेट वा पाहुणचार घेऊ नये, असं एक कलम आहे. बाधा न्यायमूर्तींना, पण पथ्य खासगी सचिवाला. काकांनी एकदा एसटीच्या ड्रायव्हरबरोबर तुरीच्या डाळीची पिशवी पाठवली. घरची, जात्यावर भरडलेली. मी ती आल्या गाडीनं परत धाडली. राळेगावात बातमी झाली की रक्कम कमी पडली म्हणून डाळ परत आली. पुढच्या खेपेला दोन पिशव्या आल्या. त्याही गेल्या. मग काकांनी संत्र्यांची पेटी पाठवायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा मी काकूंच्या पाया पडलो.

हल्ली काकांच्या मोबाइलवर ई-कोर्टचं ॲप आहे. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. काका ती मला फोन करून सांगतात, आणि वर विचारतात, "ही तारीख तुमीच देल्ली ना?"

तर राळेगावच्या मंडळींना हात जोडून सांगणं आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. 1987 च्या कायद्यानं बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि इतरही काहींना मोफत वकील मिळतो. तिथं कोणाच्या कानात काही सांगावं लागत नाही, कागदावर लिहावं लागतं. बाभळीचा निकाल राळेगावचे न्यायाधीश देतील, मी नव्हे. आणि काका, मी निवृत्त झालोय. कुठलंच कलम आता मला लागू नाही. डाळ पाठवायची असेल तर खुशाल पाठवा, एकाच पिशवीत भागेल.