लघुशंकेचे शंकासमाधान

मूत्रविसर्जनाला ‘लघुशंका’ हे नाव ज्याने दिले, त्या अज्ञात शब्दकाराने पन्नाशी ओलांडलेली असली पाहिजे, कारण ही क्रिया उरकली की नाही याविषयीची खरीखुरी शंका पुरुषाला त्याच वयात येऊ लागते. करंगळी वर करून वर्गाबाहेर धूम ठोकणाऱ्या मुलाची शंका भिंतीपाशी पोहोचताच फिटते.

या विषयाच्या अभ्यासाला म्हैसूरमधील मेटगळ्ळी विशेष सोयीची आहे. टायरच्या कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या भागातला रस्ता पुढे कृष्णराजसागर धरणाकडे जातो, आणि तेथे स्थायिक झालेला मराठी गृहस्थही पावसाळ्यात शेजाऱ्यांप्रमाणेच सकाळी वर्तमानपत्रात प्रथम धरणाची पातळी पाहतो. पूर्ण पातळी १२४.८० फूट, आजची इतकी, आवक इतकी, विसर्ग इतका, हे त्याला तोंडपाठ असते; परंतु स्वतःच्या ओटीपोटातला जलाशय सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटरचा असून तो १५० ते २५० मिलिलिटरच्या सुमारास पहिली सूचना देतो, ही बातमी त्याने कधी वाचलेली नसते.

या धरणाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, आणि त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासल्याला बसले. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. मूत्राशयालाही दोन दरवाजे असतात, म्हणजे मूत्रमार्ग आवळून धरणारे दोन स्नायू: आतला मालकाला न विचारता चालतो आणि बाहेरचा त्याच्या हुकमात असतो. हा हुकूम पुरुष व्याख्यानात, बैठकीत आणि लग्नाच्या पंगतीत नको तितका गाजवतो. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे १६०१ साली प्रागमधील एका मेजवानीत शिष्टाचारापायी उठलाच नाही, नंतर त्याची लघवी तुंबली आणि अकरा दिवसांनी तो वारला, असे त्याचा सहकारी केप्लर याच्या काळापासून सांगितले जाते. ताऱ्यांच्या जागा इतक्या अचूक मोजणाऱ्याला दाराजवळची खुर्ची निवडता येऊ नये, हे नवलच.

दरवाजांच्या ऐन तोंडाशी प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्रमार्गाभोवती कडे करून बसलेली असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते आणि वयाबरोबर वाढते. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. टायरमध्ये हवा भरली की तो बाहेर फुगतो. ही ग्रंथी मात्र आतल्या बाजूलाही दाबते, त्यामुळे धार बारीक होते, थांबून थांबून येते आणि थोडे पाणी तळाशी उरते. साचलेल्या डबक्यात डास होतात, तसे या उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि त्यांत आतड्यातून आलेला ई. कोलाय आघाडीवर असतो. एरवी पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब, स्त्रीचा जेमतेम ४, म्हणून जंतूंना पुरुषाकडची वाट लांबची पडते. या निसर्गदत्त सवलतीचा पुरुषाला जो अभिमान वाटतो, त्यात त्याचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नसते. मधुमेह किंवा मुतखडा असेल तर ही सवलतही आटते.

घरगुती भाषेत जिला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात, त्या जळजळीवर धण्याचे पाणी पुढे येते. पाणी म्हणून ते चांगलेच, पण संसर्गावरचे औषध म्हणून त्यावर विसंबून राहता येत नाही. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, लघवीत रक्त किंवा लघवी पूर्ण तुंबणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाकीची पथ्ये साधी आहेत: लघवीचा रंग फिका राहील इतके पाणी दिवसा प्यावे, झोपण्याआधीचे दोन-तीन तास आवरते घ्यावे, बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, आणि एकदा उरकल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. फिल्टर कॉफीविषयी म्हैसूरमध्ये उघड बोलणे धोक्याचे असले, तरी चौथा पेला मूत्राशयाला चिथावतो, हे नमूद करणे भाग आहे. सर्दीच्या काही गोळ्याही प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडवतात. त्या घेण्यापूर्वी विचारलेले बरे.

डॉक्टर प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करून घेतात आणि गोळ्या ठरलेले सगळे दिवस घेऊन संपवायला सांगतात. नमुना मधल्या धारेचा लागतो: पहिली धार सोडून द्यायची, मग डबी पुढे धरायची आणि ती भरताच मागे घ्यायची. ज्याची धार मुळातच तीन हप्त्यांत येते, त्याने मधला हप्ता कोणता मानावा, हा प्रश्न प्रयोगशाळेतील सूचनाफलकावर सुटलेला नसतो. नमुना दोन तासांत पोहोचवावा, अन्यथा थंड जागी ठेवावा, असा नियम आहे. घरातली थंड जागा म्हणजे फ्रिज, आणि फ्रिजच्या मधल्या कप्प्यात उद्याच्या इडलीचे पीठ. त्यामुळे मेटगळ्ळीचा गृहस्थ डबी वर्तमानपत्रात गुंडाळून, दाढी न करताच, स्कूटर काढतो.