सागवानाला मरण नाही

यवतमाळ जिल्ह्यात सागवानाबद्दल ज्याला मत नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. दारव्ह्यात तर पानठेल्यावरचा पोरगाही फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करतो, नाकाशी नेऊन हुंगतो आणि विचारतो, "गाभ्याचं हाय का सालीकडचं?" अशा गावात, नोकरी संपल्यावर, मी हातानं घडवलेल्या लाकडी सामानाचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे टिनाचं एक शेड, एक मिस्त्री, मिस्त्रीचा भाचा, आणि रंधे, पटाश्या, गुण्या असा संसार. पाटीवर मी हौसेनं 'सर्व काम हाताने केले जाईल' असं रंगवून घेतलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं ती वाचली आणि कळवळून विचारलं, "मशीन घ्याले पैसे नाई पुरले काय, भाऊ?"

मिस्त्रीच्या कानामागे पेन्सिल आणि गालात खर्रा असतो. त्यामुळे तो बोलत नाही, हुंकारतो. गिऱ्हाईक विचारतं, "महिन्याभरात होईन न?" मिस्त्री म्हणतो, "हं." खर्रा थुंकून झाल्यावर तो मला सांगतो, "पोळ्यापोतर होऊन जाईन." कोणत्या सालच्या पोळ्यापर्यंत, हे विचारायची पद्धत नाही.

धंद्याचा पहिला धडा वखारीत मिळतो. ओंडका गोल असतो, पण तो मोजायच्या जुन्या रिवाजात गोलाईचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. म्हणजे गोल ओंडक्याला चौकोनी समजायचं. या हिशेबात शंभर घनफुटांचं लाकूड साडेअठ्ठ्याहत्तरच भरतं. मी शाळेतली भूमिती आठवून वखारवाल्याला हे ऐकवलं. त्याला वाटलं मी भांडायला आलोय. खरं तर फरक माझ्याच फायद्याचा होता. पण आरामशीनवर ओंडका फाडला, साल, सालीकडचं पांढरं लाकूड आणि गाठी बाजूला गेल्या, तेव्हा तो फायदा भुशाच्या पोत्यात जाऊन बसला.

कागदांचं तर विचारूच नका. सागाचा ओंडका निघतो तो अंगावर हातोड्याचा शिक्का आणि सोबत वाहतूक परवाना घेऊन. घरी मुलीच्या लग्नात जेवढी कागदपत्रं जमली नव्हती, तेवढी माझ्याकडे एका दिवाणाच्या लाकडासाठी फाईल करून ठेवलेली आहेत. त्यात २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं आणि आमचं काम वाढलं. आता दर दुसरं गिऱ्हाईक पाटावर हात फिरवत विचारतं, "तिकडं गेलं थेच लाकूड हाय का हे?" बल्लारपूर चंद्रपूर जिल्ह्यात आहे, हे सांगून मी विक्री कशाला बिघडवू? मी मिस्त्रीकडे पाहतो. मिस्त्री म्हणतो, "हं."

पण आमचा खरा वैरी वखार नव्हे, प्लायवूड नव्हे, लोखंडी आलमारीसुद्धा नव्हे. आमचा वैरी म्हणजे प्रत्येकाच्या घरात असलेला आबाजींचा पलंग. सागवानाच्या अंगातच तेल असतं, वाळवी त्याच्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि जुन्या सुतारांनी खाच-कुसवाचे सांधे असे बसवलेत की त्यांत खिळा शोधून सापडू नये. असा पलंग तीन पिढ्या वापरून, त्यावर बाळंतपणं होऊन, वाटण्यांच्या भांडणात ओढाताण होऊन पुन्हा ठणठणीत. माणसं मरतात, पलंग उरतो. मग तो पलंग घेऊन नातू माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "काका, याचा सोफा करून द्या." म्हणजे लाकूड त्याचं, आठवण त्याची, माझी फक्त मजुरी. वर तो रोज शेडमध्ये येऊन पाहणार की आबाजींचा एखादा पाय मी बदलला तर नाही.

जुना वाडा पडला की तसंच. तुळया-खांब ट्रॅक्टरमध्ये घालून दारात उभे. खोटं कशाला बोलू, हे लाकूड पाहिलं की मिस्त्री खर्रा थुंकून टाकतो. शंभर पावसाळे छपराखाली काढलेलं लाकूड आता ना फुगत ना पिळत. नव्या लाकडाचं तसं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे धावतो आणि जुलैत हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडते. लाकूड आडव्या अंगानं फुगतं, उभ्या अंगानं जवळजवळ नाही. म्हणून दाराच्या चौकटीतली मधली फळी सरसानं चिकटवायची नसते, खाचेत मोकळी ठेवायची असते. हे ज्याला ठाऊक नाही त्याचं कपाट उन्हाळ्यात तडकतं. पण मोकळ्या फळीला हात लावून गिऱ्हाईक म्हणतं, "हालून राह्यली न जी!" त्याला सगळं समजावून सांगितलं की तो म्हणतो, "थे ठीक हाय, पन चिकटवून द्या."

उधारीचं गणित कापसावर चालतं. दारव्ह्यातून शकुंतला रेल्वेची नॅरोगेज लाईन जायची, ती इंग्रजी कंपनीनं मुळात वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायलाच टाकली होती. गाडी आता बंद आहे, कापूस आहे. दिवाळीनंतर वेचा झाला, कापूस विकला की बयाणे येतात. फाल्गुन ते वैशाख लग्नसराई. आंदणाचा पलंग, ड्रेसिंग टेबल, देव्हारा. मृग लागला की पैसा बियाण्यात आणि खतात जातो. तेव्हा माझ्याकडे बंगईची कडी कुरकुरते म्हणून तेल मागायलासुद्धा लोक येतात, पण बंगई मागायला कोणी येत नाही. कापसाला भाव पडला की ठरलेली आलमारी आपोआप 'पुढच्या साली पाहू' होते.

पुण्याला स्थायिक झालेला माझा भाचा सल्लागार आहे. त्यानं नवी मुंबईत २०२० साली आलेलं आयकियाचं दुकान पाहून ठेवलंय. "मामा, त्यांनी १९५६ साली टेबलाचे पाय काढून ते सपाट खोक्यात विकायला सुरुवात केली. तुम्ही तसं करा." मी मिस्त्रीला हे सांगितलं. तो म्हणाला, "पाय काढलेला टेबल? इकडं त्याले मोडका म्हनते." मग त्यानं मला एक जुना पलंग दाखवला. पाचर ठोकली की घट्ट, पाचर काढली की चार पाय, चार पट्ट्या आणि फळ्या वेगळ्या. अरुंद जिन्यातून वर न्यायला सोपा. आयकियाच्या आधीपासूनचा, फक्त खोकं नव्हतं.

मग पीएम विश्वकर्मा योजना आली, सप्टेंबर २०२३ मध्ये. अठरा व्यवसायांच्या यादीत पहिलाच सुतार. अवजारांसाठी पंधरा हजार, नाममात्र व्याजानं आधी एक लाखाचं, मग दोन लाखांचं कर्ज. मी उत्साहानं धावलो. अट एकच अडली: हातानं आणि अवजारानं काम करणारा कारागीर पाहिजे. माझ्या हातांची तपासणी न करताच सगळ्यांनी मिस्त्रीकडे बोट दाखवलं. परिणामी मिस्त्रीची अवजारं आता माझ्यापेक्षा चांगली आहेत, आणि शेडमध्ये मालक कोण हा प्रश्न मी उपस्थित करत नाही.

गल्ला खरा हलवला तो तान्ह्या पोळ्यानं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा मागतात. आम्ही उरल्यासुरल्या तुकड्यांचे नंदी केले. शिंगं, वशिंड, गळ्यात घुंगरू. हातोहात गेले. त्याहून मोठा शोध असा की पोरं ते डांबरी रस्त्यावरून फरफटत नेतात आणि चाकं निखळतात. अखेर मोडणारा माल मला सापडला! दर वर्षी नवा बैल, दर वर्षी नवं गिऱ्हाईक, आयुष्यभराचा धंदा. मी वहीत तसा हिशेबही मांडला.

यंदा शेडमध्ये गेलो तर मिस्त्री बैलांना धावड्याच्या लाकडाचे आस बसवत होता. बैलगाडीचे आस ज्याचे करायचे, तेच लाकूड. एक बैल त्यानं माझ्यासमोर फरशीवर आपटला. फरशीला चीर गेली.

"अहो मिस्त्री," मी हात जोडले, "मोडू द्या न एखादा."

त्यानं खर्रा गालात सरकवला. "मोडला त पोरगं नाव कोनाचं घेईन? मालकाचं थोडीच घेते."